एका ओळीच्या बदलाला सहा मिनिटं? मोठ्या मॉड्यूलर प्रोजेक्टचा बिल्ड वेगवान करताना

एक ओळ बदलायची, बिल्ड लावायचा (म्हणजे कोडचं चालणारं ॲप तयार करायचं) आणि पडद्याकडे बघत बसायचं. सहा मिनिटांनी ॲप उघडतं आणि कळतं, की बटण अजूनही चुकीच्याच जागी आहे. पुन्हा एक ओळ, पुन्हा सहा मिनिटं. दिवसात असे वीस बिल्ड झाले तर दोन तास गेले. शिवाय त्या सहा मिनिटांत लक्ष दुसरीकडे भरकटतं आणि परत आल्यावर ‘आपण काय करत होतो’ इथून सुरुवात होते. तो वेळ या हिशेबात धरलेलाच नाही.

पन्नास-शंभर मॉड्यूल (वेगवेगळे बांधता येणारे कोडचे तुकडे) असलेल्या प्रोजेक्टवर नुकतेच आलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं ग्रेडल हे बिल्डचं साधन आणि जावा, कोटलिन या भाषांमधली आहेत, कारण माझा दिवस त्यातच जातो. तुमचं साधन वेगळं असेल तरी विचार तोच लागू पडतो. शेवटाकडे त्याबद्दल थोडं लिहिलं आहे. आणखी एक, आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये किंवा टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

बिल्डचा वेळ दोनच मार्गांनी कमी होतो. एक, काम टाळणं. दोन, जे काम टळत नाही ते अनेक कोअरवर एकाच वेळी करणं. नवीन माणूस हमखास दुसऱ्या मार्गाने सुरुवात करतो: जास्त रॅम, जास्त कोअर, नवा लॅपटॉप. त्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण सत्तर मॉड्यूल विनाकारण पुन्हा कम्पाइल होत असतील तर तो रोग म्हशीला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो.

पायरी १ : आधी घड्याळ लावा

‘बिल्ड फार हळू आहे’ या तक्रारीवर काहीच करता येत नाही. कोणता बिल्ड? मी तीन वेगवेगळे आकडे घेतो.

पहिला, स्वच्छ बिल्ड: सगळं पुसून, कॅश (आधी केलेल्या कामाचा साठा) बंद करून. दुसरा, रिकामा बिल्ड: एकदा बिल्ड झाल्यावर काहीही न बदलता लगेच तीच आज्ञा पुन्हा द्यायची. तिसरा, एका ओळीचा बिल्ड: रोज ज्या मॉड्यूलमध्ये काम होतं त्यातल्या एका फंक्शनच्या आत छोटा बदल करून. हा तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दिवसभर तोच भोगावा लागतो. गंमत म्हणजे लोक मोजतात तो पहिला.

प्रत्येक आकडा निदान तीन वेळा घ्या आणि पहिल्या वेळेचा सोडून द्या. ग्रेडलचं डीमन म्हणजे पार्श्वभूमीला चालत राहणारी प्रोसेस नुकतीच सुरू झालेली असते, जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) अजून तापलेलं नसतं, म्हणून पहिला बिल्ड नेहमी हळू दिसतो. हातानं मोजायचा कंटाळा येत असेल तर ‘ग्रेडल प्रोफाइलर’ हे साधन आहे: कोणत्या फाइलमध्ये कसला बदल करायचा हे त्याला सांगितलं, की ते स्वतः बदल करून, बिल्ड लावून, सरासरी काढून देतं.

आकडे आणि तारीख कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हेच तीन आकडे पुन्हा घ्यायचे. एका वेळी एकच बदल. पाच सेटिंग एकदम बदलून ‘झाला वेगवान’ म्हणणाऱ्याला त्यातलं कोणतं कामी आलं आणि कोणत्याने उलट नुकसान केलं, हे कधीच कळत नाही.

पायरी २ : घोडं नेमकं कुठे पेंड खातंय

ग्रेडलचा बिल्ड तीन टप्प्यांत चालतो. इनिशियलायझेशनमध्ये कोणकोणती मॉड्यूल आहेत ते ठरतं. कॉन्फिगरेशनमध्ये त्यांच्या बिल्ड फाइल वाचून टास्कचा, म्हणजे बिल्डमधल्या एकेका कामाचा, आराखडा तयार होतो. एक्झिक्युशनमध्ये टास्क खरोखर चालतात. कम्पाइल, टेस्ट, पॅकेजिंग हे सगळं तिसऱ्या टप्प्यात येतं. पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये दुसरा टप्पाच तीस-चाळीस सेकंद खात असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

तो वेगळा मोजायची सोपी युक्ती: बिल्डच्या आज्ञेला ‘--ड्राय-रन’ जोडा. टास्क चालत नाहीत, फक्त आराखडा होतो. जो वेळ दिसेल तो जवळजवळ सगळा कॉन्फिगरेशनचा.

पुढचा तपशील हवा असेल तर ‘--प्रोफाइल’ जोडा. बिल्ड फोल्डरमध्ये रिपोर्ट्सच्या आत एक एचटीएमएल पान तयार होतं. कॉन्फिगरेशनला किती, डिपेंडन्सी (कोडला लागणाऱ्या लायब्ररी आणि मॉड्यूल) शोधायला किती, कोणत्या टास्कला किती, अशी विभागणी त्यात मिळते. याहून तपशीलवार ‘--स्कॅन’ आहे. त्यात टास्क कोणत्या क्रमाने, किती समांतर चालले त्याचा पट दिसतो, गार्बेज कलेक्शनला (न लागणारी मेमरी मोकळी करायला) किती वेळ गेला तेही दिसतं. मात्र ही माहिती ग्रेडलच्या सर्व्हरवर जाते. ऑफिसच्या प्रोजेक्टवर वापरण्याआधी परवानगी घ्या, नंतर नाही.

डिपेंडन्सी शोधण्यातच वेळ जात असेल तर दोन गोष्टी तपासा. आवृत्तीच्या जागी कुणी अधिकचं चिन्ह टाकून ‘जी नवी असेल ती’ असं लिहिलंय का? अशा आवृत्तीचा शोध ग्रेडल डीफॉल्टने दर २४ तासांनी पुन्हा घेतं, स्नॅपशॉट (अजून तयार होत असलेल्या) आवृत्त्यांचंही तसंच. दुसरं म्हणजे रिपॉझिटरींचा, म्हणजे लायब्ररी जिथून येतात त्या सर्व्हरचा, क्रम. ग्रेडल लिहिलेल्या क्रमानेच शोधतं. पहिल्या क्रमांकावर कंपनीअंतर्गत हळू सर्व्हर असेल तर प्रत्येक बाहेरची लायब्ररी आधी तिथे विचारली जाते, ‘नाही’ असं उत्तर येतं आणि मग गाडी पुढे जाते. कोणते ग्रुप कुठे शोधायचे याची गाळणी लावली की हा हेलपाटा वाचतो.

पायरी ३ : चार ओळींचं काम

प्रोजेक्टच्या मुळाशी ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल असते. त्यात चार गोष्टी बघा.

मेमरी. ग्रेडल डीमनची कमाल हीप (त्याला वापरता येणारी मेमरी) काही न सांगितल्यास फक्त ५१२ एमबी असते. मोठ्या प्रोजेक्टला ती पुरत नाही. कम्पायलरपेक्षा गार्बेज कलेक्टरच जास्त राबतो. ‘ऑर्ग.ग्रेडल.जेव्हीएमआर्ग्ज’मध्ये ४ जीबीपासून सुरुवात करा आणि स्कॅनमध्ये गार्बेज कलेक्शनचा वेळ बघत हळूहळू वाढवा. डोळे झाकून १२ जीबी देऊ नका. कोटलिनचं डीमन ही वेगळी प्रोसेस आहे आणि स्वतंत्र आकडा दिला नसेल तर ते ग्रेडलचाच आकडा उचलतं, म्हणजे मागणी दुप्पट होते. त्यात आयडीई (कोड लिहायचा प्रोग्राम) आणि ब्राउझर. रॅम संपून मशीन डिस्कवर अदलाबदल करू लागलं, की आधीचाच बिल्ड बरा होता असं वाटतं.

समांतर काम. ‘ऑर्ग.ग्रेडल.पॅरलल’ ट्रू करा. एकमेकांवर अवलंबून नसलेली मॉड्यूल एकाच वेळी चालतात.

बिल्ड कॅश. ‘ऑर्ग.ग्रेडल.कॅशिंग’ ट्रू. टास्कमध्ये काय आत गेलं त्यावरून एक चावी तयार होते आणि बाहेर काय आलं ते त्या चावीखाली साठवलं जातं. ब्रँच बदलून परत आलात की खरा फायदा कळतो: कालचं कम्पाइल केलेलं आज जसंच्या तसं उचललं जातं.

कॉन्फिगरेशन कॅश. ‘ऑर्ग.ग्रेडल.कॉन्फिगरेशन-कॅश’ ट्रू. २०२३ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून ही सोय स्थिर मानली जाते. दुसऱ्या टप्प्यातला आराखडाच साठवला जातो, बिल्ड फाइल बदलल्या नाहीत तर तो टप्पा वगळलाच जातो. शिवाय एकाच मॉड्यूलमधली टास्कही समांतर चालू लागतात. जुन्या प्रोजेक्टमध्ये ही ओळ टाकताच चुकांची लांबलचक यादी येईल, कारण जुनी प्लगइन आणि हातानं लिहिलेली टास्क तिचे नियम पाळत नाहीत. सुरुवातीला चुका इशारा म्हणून दाखवायची सोय आहे. ती लावून एकेक निस्तरत जा. चारांपैकी सगळ्यात त्रासाचं हेच आणि माझ्या मते सगळ्यात किफायतशीरही हेच.

जाता जाता: ‘ग्रेडल --स्टेटस’ ही आज्ञा देऊन बघा. दोन-तीन डीमन दिसली तर बहुधा आयडीई एक जेडीके (जावाचा साधनसंच) वापरतंय आणि टर्मिनल दुसरं. दोन्हींना एकच जेडीके द्या. विंडोजवर अँटिव्हायरस बिल्ड फोल्डरमधली प्रत्येक नवी फाइल तपासतं. तो फोल्डर वगळता येतो का हे आयटी विभागाला विचारा, गुपचूप वगळू नका.

पायरी ४ : काहीच न बदलता बिल्ड लावून बघा

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण इथे चोर रंगेहाथ सापडतो.

बिल्ड साधनांचा मूळ विचार जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ लिहिलं. ते फाइलची वेळ बघायचं: मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल तर काम पुन्हा करा. ग्रेडल वेळेऐवजी मजकूर बघतं. टास्कच्या आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढतं, मागच्या वेळचा हॅश तोच असेल तर त्या टास्कसमोर ‘अप-टू-डेट’ लिहून पुढे जातं. कॅशमधून उचललं असेल तर ‘फ्रॉम-कॅश’.

म्हणजे काहीही न बदलता दुसऱ्यांदा बिल्ड लावला तर जवळपास सगळी टास्क ‘अप-टू-डेट’ यायला हवीत. ‘--कन्सोल=प्लेन’ जोडून लावा, प्रत्येक टास्कचं नाव आणि त्यापुढचा शेरा दिसतो. ज्या टास्कपुढे शेरा नाही, ते खरोखर चाललं. आता ‘--इन्फो’ जोडून पुन्हा लावा. ते का चाललं याचं कारण ग्रेडल शब्दांत सांगतं, अमुक इनपुट बदललं म्हणून, अमुक फाइल गायब आहे म्हणून.

हे शिकलो ते माझ्याच चुकीतून. ॲपच्या ‘आमच्याविषयी’ पानावर बिल्डची तारीख आणि वेळ दाखवायची होती. मी सगळ्यात तळाच्या मॉड्यूलमध्ये एक क्लास आपोआप तयार होईल अशी सोय केली आणि त्यात चालू वेळ एक स्थिरांक म्हणून टाकली. पाच ओळींचं काम, रिव्ह्यूही लगेच पार पडला. त्या दिवसापासून प्रत्येक बिल्डला तो स्थिरांक नवा. सार्वजनिक स्थिरांकाची किंमत वापरणाऱ्याच्या कम्पाइल झालेल्या कोडमध्ये थेट उतरते, त्यामुळे ती बदलली की त्या मॉड्यूलवर टेकलेली सगळी मॉड्यूल पुन्हा कम्पाइल. तळाचं मॉड्यूल असल्यामुळे ‘सगळी’ म्हणजे अक्षरशः सगळी. कित्येक महिने कुणाला शंका आली नाही. प्रोजेक्ट वाढतोय, बिल्ड हळू होणारच, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती, माझ्यासकट. मग एकदा दुसऱ्याच कामासाठी ‘--इन्फो’ लावलं आणि पहिल्याच टास्कपाशी माझीच करामत समोर आली.

दुरुस्ती एका ओळीची: रोजच्या डीबग बिल्डमध्ये त्या जागी ठरावीक मजकूर, खरी वेळ फक्त रिलीज बिल्डमध्ये आणि तीही तळाच्या नव्हे, अगदी वरच्या ॲप मॉड्यूलमध्ये.

असले चोर ठरलेले असतात. आवृत्तीच्या नावात गिट कमिटचा हॅश, बिल्ड क्रमांक, मशीनचं किंवा वापरकर्त्याचं नाव, इनपुट म्हणून दिलेला फाइलचा पूर्ण पत्ता (दुसऱ्याच्या मशीनवर तो वेगळा, म्हणजे कॅश निरुपयोगी), आणि इनपुट-आउटपुट जाहीरच न केलेलं हातानं लिहिलेलं टास्क. शेवटचं सगळ्यात जास्त आढळतं. काय आत जातं आणि काय बाहेर येतं हेच ग्रेडलला सांगितलं नाही, तर ते टास्क प्रत्येक वेळी चालवण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

पायरी ५ : मॉड्यूलचा नकाशा कागदावर काढा

प्रोजेक्ट मॉड्यूलमध्ये विभागला की बिल्ड आपोआप वेगवान होतो, हा मोठा गैरसमज आहे. मॉड्यूल किती यापेक्षा ती एकमेकांना कशी जोडलेली आहेत, यावर सगळं ठरतं.

एक छोटं उदाहरण घेऊ. समजा ‘मॉडेल’ कम्पाइल व्हायला २० सेकंद लागतात. त्यावर ‘कोअर’, ९० सेकंद. ‘कोअर’वर ‘नेटवर्क’, ४० सेकंद. त्यावर ‘लॉगिन’, ‘शोध’ आणि ‘पेमेंट’ अशी तीन मॉड्यूल, प्रत्येकी ३० सेकंद. सगळ्यांच्या वर ‘ॲप’, ५० सेकंद.

एकामागून एक चालवलं तर बेरीज २९० सेकंद. आता समांतर चालवा, कोअर हवे तेवढे घ्या. ‘लॉगिन’, ‘शोध’ आणि ‘पेमेंट’ एकाच वेळी होतील, बाकी सगळी रांगेतच. २०, ९०, ४०, ३०, ५०, एकूण २३०. सोळा कोअरचं मशीन आणलं तरी २३०च, कारण ही साखळी तोडता येत नाही. या सगळ्यात लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. समांतर कामाचा फायदा न विभागता येणाऱ्या भागापाशी अडतो, ही गोष्ट जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच मांडली होती. आपला बिल्ड तिला अपवाद नाही.

आता ‘कोअर’ उघडून बघा. ‘कोअर’ किंवा ‘कॉमन’ नावाचं मॉड्यूल बहुतेक प्रोजेक्टमध्ये अडगळीची खोली झालेलं असतं. ज्याला जागा सापडली नाही ते तिथे टाकलं. त्याचे तीन तुकडे करू: ‘युटिल’ २५ सेकंद, ‘डेटा’ ३० आणि ‘यूआय’ ३५. बेरीज तीच, ९०. ‘डेटा’ आणि ‘यूआय’ हे ‘युटिल’वर टेकतात. ‘नेटवर्क’लाही फक्त ‘युटिल’ पुरतं. म्हणजे ‘मॉडेल’ २०, ‘युटिल’ २५, मग ‘डेटा’, ‘यूआय’ आणि ‘नेटवर्क’ एकाच वेळी, त्यातलं सगळ्यात लांब ४०, पुढे ३० आणि ५०. एकूण १६५ सेकंद. मशीन तेच, एकूण कामही तेच २९० सेकंदांचं. नुसतं चित्र बदललं.

आणि हा स्वच्छ बिल्डचा हिशेब झाला. रोजचा फायदा याहून मोठा: आता ‘यूआय’मध्ये काही बदललं तर ‘नेटवर्क’ला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून खरंच कागद घ्या, सगळ्यात जास्त मॉड्यूल ज्यांच्यावर टेकलेली आहेत अशी पाच नावं लिहा आणि मागच्या महिन्याभरात त्यांत किती कमिट झाले ते गिटमधून काढा. जास्त मॉड्यूल टेकलेली आणि रोज बदलणारी, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की तोडायला सुरुवात तिथून. ज्याच्यावर सगळे टेकलेत पण जे वर्षभर बदललेलं नाही, त्याला हात लावू नका.

उलट बाजूचा अतिरेकही बघितलाय. तीन-तीन फाइलींची मॉड्यूल करून आकडा दोनशेवर नेलेला प्रोजेक्ट. प्रत्येक मॉड्यूलचा कॉन्फिगरेशनचा, डिपेंडन्सी शोधण्याचा आणि टास्क तपासण्याचा खर्च असतोच. तोडायला कारण हवं.

पायरी ६ : ‘एपीआय’ की ‘इम्प्लिमेंटेशन’

नवख्या माणसाला एका दुपारी जमण्यासारखं आणि तरीही मोठा परिणाम देणारं काम हेच.

एखादं मॉड्यूल बदललं की त्यावर टेकलेल्यांना पुन्हा कम्पाइल करायचं की नाही, हे ग्रेडल त्याच्या बाह्यरूपावरून ठरवतं. याला एबीआय म्हणतात: सार्वजनिक क्लास, त्यांची फंक्शनं, पॅरामीटर आणि परत येणारे प्रकार. फंक्शनच्या आतला कोड बदलला तर बाह्यरूप तेच राहतं, वरच्यांना धक्का लागत नाही. सार्वजनिक फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला, की वरचे पुन्हा कम्पाइल. कोटलिनची सार्वजनिक ‘इनलाइन’ फंक्शनं इथे फसवतात. त्यांचा आतला कोड वापरणाऱ्याच्या घरात जाऊन बसतो, म्हणून आतला बदलही बाहेरचाच धरला जातो. तळाच्या मॉड्यूलमध्ये ती जपून वापरा.

आता डिपेंडन्सी. ‘एपीआय’ म्हणून जोडलेली डिपेंडन्सी माझ्यावर टेकलेल्या सगळ्यांना दिसते, ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हणून जोडलेली फक्त मला. ‘नेटवर्क’ने एखादी एचटीटीपी लायब्ररी ‘एपीआय’ म्हणून जोडली, तर त्या लायब्ररीत बदल झाला की ‘लॉगिन’, ‘शोध’, ‘पेमेंट’ सगळ्यांना कम्पाइल व्हावं लागतं, त्यांनी तिचा एक क्लासही वापरलेला नसला तरी.

नियम सोपा. त्या लायब्ररीचा प्रकार तुमच्या सार्वजनिक फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये, परत येणाऱ्या किमतीत किंवा सुपरक्लास म्हणून दिसतो का? दिसत असेल तर ‘एपीआय’. आतल्या आत वापरली असेल तर ‘इम्प्लिमेंटेशन’. शंका आली तर ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहून बिल्ड लावा. खरंच गरज असेल तर वरचं मॉड्यूल लगेच बोंब मारेल.

हे सगळं हातानं तपासायला नको. ‘डिपेंडन्सी ॲनालिसिस’ नावाचं प्लगइन आहे, त्याचं ‘बिल्डहेल्थ’ टास्क चालवलं की न वापरलेल्या आणि चुकीच्या प्रकाराने जोडलेल्या डिपेंडन्सींची यादी हातात येते. पहिल्यांदा ती यादी बघून घाबरायला होतं. एका वेळी एक मॉड्यूल घ्या.

पायरी ७ : कोड तयार करणारा कोड

कोटलिनमध्ये ॲनोटेशन (कोडवर लावलेल्या खुणा) वाचून कोड तयार करायला पूर्वी ‘कॅप्ट’ वापरलं जायचं. ते जावासाठीच्या प्रोसेसरना कोटलिन कळावं म्हणून आधी प्रत्येक कोटलिन फाइलचे जावा साचे तयार करतं, मग त्यावर प्रोसेसर चालवतं. ही साचे करण्याची फेरीच महागडी आहे. ‘केएसपी’ कोटलिन थेट वाचतं, ती फेरी वाचते. तुमच्या लायब्ररीची केएसपी आवृत्ती असेल तर तिकडे वळा. मात्र एका मॉड्यूलमध्ये एक जरी प्रोसेसर कॅप्टवर राहिला, तर त्या मॉड्यूलपुरती साच्यांची फेरी चालूच राहते. अर्धं स्थलांतर इथे उपयोगाचं नाही, मॉड्यूल पूर्ण सोडवा.

शिवाय बघा, कॅप्ट एखाद्या सामायिक स्क्रिप्टमधून सरसकट सगळ्या मॉड्यूलना लावलंय का. निम्म्या मॉड्यूलमध्ये त्याची गरजच नसते.

पायरी ८ : बिल्डच्याच फाइली

‘बिल्डएसआरसी’ नावाचा फोल्डर असेल तर त्यात काय आहे ते बघा. त्यातला कोड सगळ्या बिल्ड फाइलींना दिसतो, म्हणून तिथली एखादी आवृत्ती बदलली तरी अख्ख्या प्रोजेक्टच्या आराखड्यावर त्याचा परिणाम होतो. लायब्ररींच्या आवृत्त्या ‘व्हर्जन कॅटलॉग’मध्ये हलवा आणि सामायिक सेटिंग वेगळ्या जोडलेल्या बिल्डमध्ये छोट्या प्लगइनच्या रूपात ठेवा, ज्याला हवं ते मॉड्यूल ते लावेल. मुळाच्या फाइलमध्ये ‘ऑलप्रोजेक्ट्स’ किंवा ‘सबप्रोजेक्ट्स’ लिहून सगळ्यांवर एकच फतवा काढलेला असेल तर तोही असाच मोडून काढा. टास्क ‘क्रिएट’ऐवजी ‘रजिस्टर’ने लिहिली की गरज पडेपर्यंत ती तयारच होत नाहीत.

पायरी ९ : टेस्ट

स्वतःच्या मशीनवर सगळ्या टेस्ट चालवू नका. ज्या मॉड्यूलला हात लावला तेवढ्याच. ग्रेडल एका मॉड्यूलमधल्या टेस्ट डीफॉल्टने एकाच प्रोसेसमध्ये चालवतं, ‘मॅक्सपॅरललफोर्क्स’ वाढवून त्या विभागता येतात. कोअरच्या निम्म्या आकड्यापासून सुरुवात करा. एकाच फाइलवर किंवा एकाच पोर्टवर डोळा असलेल्या टेस्ट मग कधी पास, कधी नापास होऊ लागतील. तो दोष टेस्टचा, आधी ती दुरुस्त करा.

पायरी १० : टीमसाठी एकच कॅश

आतापर्यंतची कॅश तुमच्या मशीनपुरती होती. तीच एका सर्व्हरवर ठेवली, की सकाळी मुख्य ब्रँच खाली ओढल्यावर कम्पाइल करायची गरज उरत नाही; सीआयने (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरने) रात्री केलेलं काम तसंच मिळतं. नियम एकच: लिहिण्याचा अधिकार फक्त सीआयला, बाकी सगळ्यांना वाचण्याचा. कुणाच्या मशीनवरचा विचित्र बिल्ड सगळ्यांच्या गळ्यात पडायला नको.

पायरी ४ झाल्याशिवाय इथे येऊ नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रत्येक बिल्डला चावी नवी असेल तर सर्व्हर भरत राहील आणि उपयोग शून्य. नेटवर्क हळू असेल तर उलट वेळ वाढतो, तेव्हा घरून काम करणाऱ्यांचे आकडे वेगळे घ्या.

दुसरी साधनं वापरत असाल तर

मेव्हनमध्ये ‘-टी १सी’ने प्रत्येक कोअरमागे एक थ्रेड मिळतो, ‘-पीएल’ आणि ‘-एएम’ जोडून हवं ते मॉड्यूल आणि त्याला लागणारी तेवढीच मॉड्यूल बांधता येतात. सी प्लस प्लसमध्ये सगळा खेळ हेडरचा: एक लाडकं हेडर शेकडो फाइलींत ओढलेलं असतं. तिथे फॉरवर्ड डिक्लरेशन, प्रीकम्पाइल्ड हेडर आणि ‘सीकॅश’ कामी येतात, आणि क्लँगचं ‘-एफटाइम-ट्रेस’ कोणतं हेडर किती वेळ खातंय ते दाखवतं. रस्टमध्ये ‘कार्गो बिल्ड --टायमिंग्ज’ पट काढून देतं, आणि नुसतं प्रकार जुळतात का बघायचं असेल तर ‘कार्गो चेक’ पुरतं. टाइपस्क्रिप्टवाल्यांनी प्रोजेक्ट रेफरन्स बघावेत.

पायरी ११ : पुन्हा हळू होऊ नये म्हणून

महिनाभर खपून बिल्ड दीड मिनिटावर आणायचा आणि सहा महिन्यांत ये रे माझ्या मागल्या, हे बहुतेक टीमचं होतं. कुणी मुद्दाम करत नाही. एक ‘एपीआय’ इथे, एक टाइमस्टॅम्प तिथे.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, सीआयमध्ये एक तपासणी: एक फीचर मॉड्यूल दुसऱ्या फीचर मॉड्यूलवर थेट टेकलं तर मर्जच होत नाही. दुसरी, रोज रात्री पायरी १ मधले तिन्ही आकडे घेणारी स्क्रिप्ट. एका ओळीच्या बदलाचा बिल्ड ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की सकाळी टीमच्या चॅनलवर संदेश येतो आणि त्यात काल व आज वेगळी चाललेली टास्क असतात.

त्या संदेशात आधी आदल्या दिवशी मर्ज करणाऱ्यांची नावंही यायची. दोन आठवड्यांत लोक संध्याकाळऐवजी सकाळी मर्ज करू लागले, म्हणजे दिवसभरात दुसऱ्या कुणाचं नाव आपल्या शेजारी यावं. नावं काढून टाकली. आता फक्त टास्कची यादी येते, आणि ज्याला ती ओळखीची वाटते तो आपणहून बघतो.